मागच्याने पों म्हणायचे

"पों," असे म्हणून ते थांबत. दोरी ओढत नसत आणि मागे वळूनही पाहत नसत. मागच्या माणसाकडून "पों" असे उत्तर आल्याशिवाय त्यांचे पाऊल उचलत नसे. मग गल्लीत कोणी पाहत उभे असो, दूधवाल्याची गाडी खोळंबलेली असो, किंवा तो मागचा माणूस एके काळी बँकेच्या शाखेत काचेच्या खोलीत बसणारा, हळू आवाजात बोलणारा, पन्नाशी ओलांडलेला गृहस्थ असो. नियम म्हणजे नियम.

तो मागचा माणूस मी. पुढे दोरी धरून ते, आणि आमच्या दोघांच्या मध्ये त्यांचा कुत्रा. कुत्र्याच्या मागच्या डाव्या गुडघ्यावर शस्त्रक्रिया झालेली होती.

कर्जतच्या माणसाला हे समजावून सांगावे लागत नाही, पण आपल्यापैकी जे दूरचे आहेत त्यांच्यासाठी सांगतो. पुण्याकडे जाणारी गाडी कर्जतला थांबते, कारण पुढचा घाट तिला एकटीला चढवत नाही. तिच्या शेपटीला जादा इंजिने लावतात. ती तिला मागून रेटत वर नेतात आणि घाट संपला की सुटून मोकळी परत उतरतात. या इंजिनांना इकडे बँकर म्हणतात. दोरी धरणारे ते आयुष्यभर या बँकरवर होते, निवृत्त झाले तेव्हा ड्रायव्हर होते. पुढच्या इंजिनातल्या माणसाला मागचा दिसत नाही आणि मागच्याला पुढचा. म्हणून पुढच्याने भोंगा द्यायचा, मागच्याने भोंग्यानेच उत्तर द्यायचे, आणि मगच जोर लावायचा.

"उत्तर आल्याबिगर जोर लावला तर मधले डबे चेपतात," ते मला पहिल्याच दिवशी म्हणाले होते. "आन् सायेब तर एकच डबा हायत."

सायेब म्हणजे कुत्रा.

माझी आणि त्यांची ओळख झाली ती एका शब्दाच्या घोटाळ्यातून. आईच्या आजारपणासाठी मी मुदतीआधी निवृत्ती घेतली होती आणि कोंडाण्याच्या लेण्यांकडे जाणाऱ्या रस्त्याला लागून असलेल्या आमच्या गल्लीत तळमजल्याचे घर घेतले होते, कारण आईला जिना चढता येत नव्हता. त्या घरात आईने आजारपणाची काही वर्षे काढली. शेजारी कोण राहते हे मला तोवर माहीत नव्हते, आणि जाणून घ्यावेसेही वाटले नव्हते. आई गेल्यानंतरचे सगळे विधी आटोपले, नातेवाईक परतले, आणि त्यानंतर एका सकाळी हे गृहस्थ फाटकाशी येऊन उभे राहिले. अंगात खाकी अर्धी विजार, डोक्याला पांढरा रुमाल, पायात रेल्वेच्या काळातले काळे बूट, तेही नाडीशिवाय.

"काय करत होता तुमी? नोकरी काय?"

"मी बँकर होतो," मी म्हणालो. आमच्या क्षेत्रात तसे म्हणण्याची पद्धत आहे. विशेषतः निवृत्तीनंतर.

त्यांचा चेहरा एकदम फुलला. "काय सांगता! कुटल्या इंजिन शेडला?"

"शेड नाही. लोणावळ्याला होतो आधी. मग बरीच वर्षे खोपोलीला."

"खोपोलीला?" त्यांनी माझ्याकडे खालपासून वरपर्यंत पाहिले. "खोपोली लायनीला बँकर लागतच नाय. मला येडा समजता काय?"

"अहो, शाखाधिकारी होतो. बँकेत."

"हात्तिच्या!" त्यांनी कपाळाला हात लावला. "मग बँकवाला म्हना की. बँकर म्हनू नये मानसानं उगाच." जरा वेळ ते माझ्या मोकळ्या ओसरीकडे पाहत राहिले आणि म्हणाले, "पन नाव घेतलंच हाय तर चला. कामाला लागा. म्हातारीला मागनं कसं उचलून चालवायचा तुमी, ते बघितलंय मी."

आईला मी ओसरीवर तसे चालवत असे, हे कोणी पाहिले असेल याची मला कल्पना नव्हती. मी चपला घातल्या आणि त्यांच्या मागोमाग गेलो. का गेलो, याचा मी नंतर पुष्कळ विचार केला आहे. दयेने गेलो नाही. कुतूहलानेही नाही. कोणी चला म्हणाले आणि नाही म्हणण्याइतकेही माझ्यात काही शिल्लक नव्हते, एवढेच खरे.

त्यांच्या ओट्यावर एक लोखंडी खाट उलटी करून ठेवलेली होती. तिचे चारही पाय वर, आणि पायांना साडीच्या पट्ट्या गुंडाळून कुंपण केलेले. आत एक तांबूस, रुंद छातीचा कुत्रा आडवा पडला होता. गळ्याभोवती प्लास्टिकचा मोठा शंकू, टाके चाटू नयेत म्हणून डॉक्टरांनी बसवलेला. मागच्या एका पायाचे केस पार मांडीपर्यंत भादरलेले, आणि त्या गुलाबी कातडीवर टाक्यांची रांग.

"सायेब, बगा कोन आलंय."

मी नकळत मान वर केली. नोकरीत इतकी वर्षे साहेब म्हणवून घेतल्याची ती सवय. ते माझ्याकडे आणि कुत्र्याकडे आळीपाळीने पाहत इतके हसले की त्यांना धाप लागली.

"नोकरीत सायबांनी आमाला लय वरडलं," धाप ओसरल्यावर ते म्हणाले. "म्हटलं, रिटायर झालो की घरी एक सायेब पाळू. आपन वरडू. पन हे बी आमालाच वरडतात."

सायबांचा गुडघा माकडापायी गेला होता. कौलांवर माकड आले, सायेब ओट्यावरून तसेच झेपावले, आणि खाली पडले ते तीन पायांवर उठले. गुडघ्यातला दोरखंड तुटला, असे हे सांगत. शस्त्रक्रिया पनवेलला झाली आणि पुढची तपासणी खोपोलीजवळच्या शिळफाट्याच्या डॉक्टरबाईंकडे चालू होती. धावू द्यायचे नाही, उडी मारू द्यायची नाही, पायरी चढू द्यायची नाही. पोटाखालून कापड घालून मागचा भाग उचलून धरायचा आणि हळूहळू चालवायचे, म्हणजे पायावर थोडाथोडा भार येतो. हे सगळे वाकून करण्याचे काम होते, आणि त्यांचे हृदय वाकण्याच्या पलीकडे गेलेले होते. पायऱ्यांची मनाई त्यांनाही होती.

"मला डॉक्टरनी सांगितलंय काय ते," पहिल्याच दिवशी ते ओट्यावरच्या खुर्चीत बसता बसता म्हणाले. आवाज असा, जणू गाडीला उशीर आहे एवढेच सांगत आहेत. "सायेब अजून जवान हायत. हिशोब तुमी करा. तुमी बँकवाले."

मी कुत्र्याच्या भादरलेल्या पायाकडे पाहिले.

"चार पायाचं कुत्रं कोनीबी घेतंय. लंगडं कोन घेतं? गाडीखाली जातं, नायतर उपाशी मरतं. तेवढा पाय लागला पायजे. माझ्या आधी."

तुमच्या लक्षात आलेच असेल की त्यांनी मला तेव्हा काहीही विचारले नाही. फक्त काय हवे ते सांगितले. मीही कोणताच शब्द दिला नाही. मी वाकलो आणि सायबांच्या पोटाखालून पंचा घातला.

आपल्या बाबतीत काय घडत आहे हे ज्याला आतून कळत नाही, त्याला ते बाहेरून पाहावे लागते. आई गेली तेव्हा मला रडू आले नाही. लोक म्हणाले, फार धीराने घेतलेत. तो शब्द मला आजही मान्य नाही. बराच वेळ मांडी घालून बसले की पाय बधिर होतो, आणि तो आपलाच आहे याची खात्री हात लावून करून घ्यावी लागते. मी माझ्या दिवसांना तसाच हात लावून पाहत असे. माझे हात मात्र चालत होते. खालून आधार कुठे द्यायचा, वजन किती घ्यायचे आणि किती समोरच्याच्या पायावर सोडायचे, हे त्यांना आठवत होते. ते माझ्याशिवायच कामाला लागले.

त्यांचा पंचा खरखरीत होता. थोड्याच दिवसांत सायबांच्या जांघेत लाल झाले आणि ते पंचा पाहताच गुरगुरू लागले. मी घरी गेलो, कपाट उघडले आणि आईचे एक जुने सुती लुगडे घेऊन आलो. धुऊन धुऊन ते इतके मऊ झाले होते की घडी घातली तरी हातातून घरंगळत असे. त्यांनी ते बोटांनी चाचपले.

"कुनाचं?"

"आईचं."

त्या दिवसापासून फेरी संपली की लुगडे ते स्वतः माझ्या हातून घेत, झटकत, चारपदरी घडी घालत आणि खुर्चीच्या पाठीवर ठेवत. सायबांना घराबाहेर जमिनीवर झोपायची मुभा होती. त्या लुगड्याला नव्हती.

रोजचा व्यायाम वेगळाच असे. सायेब कुशीवर झोपत, मी त्यांचा दुखरा पाय तळहातावर घेऊन सायकलच्या पेडलसारखा हळूहळू फिरवत असे, आणि ते खुर्चीत बसून घाटातली स्टेशने म्हणत. माझ्या हाताची गती त्यांच्या गाडीवर चालायची. "पळसदरी..." पाय थोडा वर. "जांब्रुंग..." गुडघा वाकतो आहे. "ठाकूरवाडी..." आणखी थोडा.

"थांबा, थांबा! एवढ्यात ठाकूरवाडी? एक्स्प्रेस हाय काय? मालगाडी चालवतोय आपन."

"माफ करा."

"माफी माझी नको, सायबांची मागा."

मी खरोखरच सायबांकडे पाहून "माफ करा" म्हणत असे. माझा तो स्वभाव आहे, काही झाले की आधी माफी मागण्याचा. त्यावरून ते मला फार छळत. "बँकर, तुमी कर्ज देताना बी माफी मागायचा काय?" पुढे नागनाथ येई, आणि नागनाथनंतरच्या स्टेशनाला ते आवाज एकदम खाली आणत. त्या स्टेशनाचे नाव मंकी हिल. "मोठ्यानं म्हनू नका. सायबांना राग हाय." मग खंडाळा, आणि पाय पुन्हा सरळ.

फेरीला निघालो की पों-पों सुरू होई. पहिल्यांदा त्यांनी "पों" म्हटले तेव्हा मी गप्प राहिलो.

"उत्तर द्या."

"हो," मी म्हणालो.

"हो नाय. पों."

"अहो, रस्ता आहे."

"घाट बी रस्ताच हाय. आमी तितं लाजत होतो काय?"

मी अगदी हळू, ओठ न उघडता "पों" म्हणालो. ते हलले नाहीत. सायेबही हलले नाहीत. त्यांना हा नियम माझ्याआधी पाठ झाला होता. शेवटी मला शेजारच्या खिडक्यांपर्यंत पोचेल असा "पों" द्यावा लागला. नंतर दूधवाला आम्हाला पाहून लांबूनच ओरडायचा, "ओ पों-पों, गाडी सायडिंगला घ्या!" आणि हे शांतपणे उत्तर द्यायचे, "सिंगल नाय मिळाला अजून."

शिळफाट्याला डॉक्टरबाईंकडे आम्ही रिक्षा करून जात असू. एका खेपेला वजन करताच बाईंनी कपाळाला आठ्या घातल्या.

"आजोबा, वजन वाढलंय. या गुडघ्यावर जास्तीचं वजन नको, मी सांगितलं होतं ना? काय देताय खायला?"

"काय नाय. भाकरी चुरून. बस."

सायेब तेवढ्यात मान वाकडी करून त्यांच्या सदऱ्याच्या खिशात नाक खुपसू पाहत होते. शंकू आडवा येत होता, पण जिद्द मोठी होती. बाईंनी वाकून वास घेतला.

"सुके बोंबील?"

"ते माझ्यासाठी हाय."

"खिशात?"

"प्रवासात लागतंय."

बाईंनी माझ्याकडे पाहिले. साक्षीदार म्हणून मी म्हणालो, "माफ करा." परतीच्या वाटेत ते पळसदरीपर्यंत माझ्याशी बोलले नाहीत. पळसदरीला म्हणाले, "बँकर मधीच सुटत नसतो. ध्यानात ठेवा." पुढच्या तपासणीला वजन उतरले होते. खिसाही रिकामा होता.

त्यांची एकुलती एक मुलगी लोधिवलीला दिलेली. रविवारी ती बसने यायची, भाकऱ्या टाकायची आणि वडिलांना भरपूर बोलायची. "बाबा, कुत्र्याला अहो-जाहो करता आन् जावयाला अरे-तुरे. गावात तोंड दाखवायची सोय नाय आमची."

"जावई कधी माकडामागं धावला काय? धावू दे, मग अहो म्हनतो."

पण एका रविवारी ओट्यावर भाजी निवडता निवडता ती वेगळ्या आवाजात म्हणाली, "बाबा, खरं सांगते. माझ्याकडं दोन खोल्या, सासू अंथरुनात, दारात हायवे. मला नाय जमनार सायबांचं. आत्ताच सांगते, नंतर म्हनू नका."

"मी कुटं तुला म्हटलं?"

"म्हटलं नाय. बघता तर."

त्यांनी तिच्याकडे पाहणे थांबवले आणि सायबांकडे पाहू लागले. मी पाय फिरवत होतो. स्टेशनांची नावे घेणारे कोणी नव्हते, म्हणून मीच मनात म्हणत होतो आणि जांब्रुंगनंतर काय येते ते मला आठवेना.

पाय टेकला तो कोणत्याही फेरीत नाही. महिनाभर सायेब तो पाय पोटाशी धरून, आमच्या आधाराने तीन पायांवरच चालत आले होते. एका सकाळी ते अंगणात उभे होते, शंकू काढलेला होता, आणि मागच्या चांगल्या पायाने त्यांना कान खाजवायचा होता. त्यासाठी तो पाय उचलावा लागतो. तो उचलला, आणि तोल सावरायला मागचा दुखरा पाय खाली आला. आधी नखे टेकली, मग पंजा. क्षणभर. कान खाजवून झाला आणि पाय पुन्हा वर गेला.

"टेकला," ते अगदी हळू म्हणाले. मग फोन काढून मुलीला लावला आणि ओरडले, "पाय टेकला गं!"

पलीकडून घाबरलेला आवाज आला. "कुनाचा? तुमी पडला काय?"

"सायबांचा गं, सायबांचा! माझ्या पायाला काय धाड भरलीय?"

त्यांचे डोळे भरून आले होते आणि ते लपवायचा त्यांनी प्रयत्न केला नाही. मी शेजारी लुगडे धरून उभा होतो. आनंद झाला का, असे मला कोणी विचारले असते तर मी प्रामाणिकपणे म्हणालो असतो, की झाला असावा. मी तो त्यांच्या चेहऱ्यावर पाहिला.

त्यानंतर डॉक्टरबाईंनी हळूहळू चढाला परवानगी दिली. आमच्या गल्लीच्या टोकाला रस्ता वर चढतो, फार नाही, पण सायबांना तो घाटच. पायथ्याशी आम्ही थांबत असू. पुढून पों, मागून पों, आणि मग मी लुगडे जरा ताणून मागचा भाग वर उचलत असे. डावा पंजा प्रत्येक पावलाला खाली येई, कधी नुसता स्पर्श करून, कधी खरोखर वजन घेऊन. लुगड्यातून ते मला कळे. जितके वजन सायेब घेत, तितके माझ्या हातातून कमी होई.

याच काळात पुढून येणारा पों बारीक होत गेला. चढाच्या मध्यावर एक मोरी आहे. एके दिवशी ते त्या मोरीच्या कठड्यावर बसले आणि दोरी त्यांनी माझ्या दिशेने टाकली.

"जा तुमी. मी हितनं देतो भोंगा."

"आपण परत जाऊ."

"घाटात मागं फिरत नाय कोन. जा."

आम्ही चढलो. मागून, खालून, त्यांचा पों आला. दिशा उलटी झाली होती, पण मी उत्तर दिले. वर पोचल्यावर वळून पाहिले तर ते कठड्यावर दोन्ही हात टेकून बसले होते, रुमाल मांडीवर, आणि सायबांच्या पायाकडेच पाहत होते. मी लुगडे सैल सोडले. सायेब स्वतःच्या चार पायांवर उभे राहिले. ते त्यांनी इतक्या दुरून पाहिले की नाही, मला सांगता येत नाही. त्यांनी हात वर केला होता, एवढे खरे.

त्यानंतर थोड्याच दिवसांनी मी नेहमीच्या वेळी त्यांच्याकडे गेलो. चहाची कपबशी ओट्यावर रिकामी होती. ते खुर्चीत होते, मान किंचित बाजूला. सायेब त्यांच्या बुटांवर हनुवटी ठेवून बसले होते. मी खुर्चीच्या पाठीवरून लुगडे घेतले, सायबांच्या मागे जाऊन उभा राहिलो आणि नियमाप्रमाणे थांबलो.

मी बराच वेळ थांबलो असेन. पुढून काही आले नाही.

मग जे करायचे असते ते मी केले. मला ते येते. डॉक्टर बोलावले, मुलीला फोन केला, शेजाऱ्यांना सांगितले. कोणीतरी म्हणाले, तुम्ही होतात म्हणून बरे झाले. दूधवाला फाटकाबाहेर टोपी हातात धरून उभा राहिला आणि मोठ्याने रडला. मी त्याच्याकडे पाहिले आणि मला त्याचा हेवा वाटला. एवढे मला नक्की आठवते. आणि लुगड्याची मी चारपदरी घडी घातली होती.

शेवटच्या तपासणीला सायबांना मी एकटाच घेऊन गेलो. डॉक्टरबाईंनी गुडघा वाकवला, सरळ केला, बोटांनी सगळीकडून दाबून पाहिला, आणि त्यांना खोलीभर चालायला लावले.

"छान. चारही पायांवर सारखं वजन घेतोय. आता यायची गरज नाही." मग त्यांनी दाराकडे पाहिले. "आजोबा नाही आले?"

मी सांगितले. त्या थोडा वेळ सायबांच्या मानेवर हात ठेवून उभ्या राहिल्या. रिक्षात बसल्यावर सायेब माझ्या सदऱ्याचा खिसा हुंगू लागले. पळसदरीला मी त्यांना म्हणालो, "माफ करा."

दिवसकार्य झाल्यावर त्यांची मुलगी घराला कुलूप लावायला आली. तिचे वडील गेल्यापासून सायेब माझ्या ओसरीवरच होते, पण ते तात्पुरते, अशी माझी समजूत होती. तिने सायबांचे ताट, साखळी आणि उरलेली औषधे एका पिशवीत घालून माझ्या हाती दिली.

"ही पिशवी?" मी विचारले.

"सायबांची. तुमच्याकडं लागंल ना." माझा चेहरा पाहून तिचे बोलणे अडखळले. "काका, बाबांनी तुमाला विचारलं नव्हतं?"

"नाही."

"मला तर म्हनाले, विचारलंय." तिने पदर तोंडाशी नेला. ती रडते आहे की हसते आहे ते मला कळले नाही. "मी त्यांना दर रविवारी म्हनायची, बाबा, बँकवाल्या काकांना नीट विचारा, गळ्यात टाकू नका कोनाच्या. तर म्हनायचे, अगं, रोज विचारतो. रोज उत्तर देतात. मोठ्यानं देतात आता."

मी पिशवी घेतली.

आता सायबांना कसलाही आधार लागत नाही. भादरलेल्या जागी केस परत आले आहेत, कोणता पाय दुखरा होता ते नव्या माणसाला ओळखता येत नाही. लुगडे कपाटात आहे. सपाटीवर ते माझ्यापुढे चालतात, आणि माकड दिसले तर मला त्यांच्या वयाचे व्हावे लागते. मात्र गल्लीच्या टोकाला, चढाच्या पायथ्याशी, ते अजून थांबतात. मान वर करून रस्त्याच्या पुढच्या भागाकडे पाहतात, जिथे दोरी धरून पाठमोरे कोणीतरी असायचे.

सुरुवातीला मी पुढे जाऊन "पों" म्हणून पाहिले. ते हलले नाहीत. तो आवाज मागचा आहे हे त्यांना माहीत आहे.

म्हणून मी आता मागेच उभा राहतो. आम्ही दोघे थांबतो. दूधवाला जाताना गाडी हळू करतो, पण काही ओरडत नाही. कधी लवकर, कधी बऱ्याच उशिराने, कोंडाण्याच्या डोंगरावरून, घाट चढू लागलेल्या एखाद्या गाडीचा पुढचा भोंगा ऐकू येतो. सायबांचे कान उभे राहतात. मी वाकतो, त्यांच्या पाठीमागच्या भागावर तळहात ठेवतो, जोर न लावता, आणि घाटातला मागचा भोंगा वाजण्याच्या आधी, शेजारच्या खिडक्यांपर्यंत पोचेल असे, म्हणतो, "पों."

मग सायेब चढू लागतात.